मुलीच्या घरी, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर

मागच्या अंकात मी माझ्या भाचीच्या गावाबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. तो अंक ज्यांच्या हाती आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावाचं नाव बुसेरियास. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, नायारित राज्यात, बांदेरास उपसागराच्या काठी ते वसलं आहे. पुएर्तो वायार्ता हे मोठं शहर आणि विमानतळ जवळच आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लग्नानंतर तिथे राहते. जावई शेजारच्या ला क्रूसच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. विहीणबाई तळमजल्यावर राहतात, भाचीचा संसार वरच्या मजल्यावर. बहीण आणि मी दोघी तिथे जाऊन राहिलो. पत्रांतले प्रश्न बहुतेक या राहण्याबद्दलचेच आहेत, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुलगी आणि जावई पुएर्तो वायार्ताजवळ असतात, नातू चार वर्षांचा. येत्या जानेवारीत तीन आठवड्यांसाठी जातो आहोत. एवढ्या लांब जायचं तर कान्कून, चिचेन इत्सा आणि मेक्सिको सिटी पाहूनच यावं, असा मी बेत आखला आहे. जावयांना तेवढे दिवस रजा टाकायला सांगितलं आहे. सौ. म्हणते, कुठे जायचं नाही, मुलीकडेच राहायचं. तुम्हाला काय वाटतं? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : सौ.चं बरोबर आहे. तुम्ही बेत बदलावा असं मला मनापासून वाटतं.

आधी नकाशा उघडा. मी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कुठलाही बेत मी आधी नकाशावर ठेवून बघते. तुमची मुलगी राहते पॅसिफिकच्या काठी, देशाच्या पश्चिम टोकाला. कान्कून आहे पूर्व टोकाला, कॅरिबियन समुद्रावर. मधलं हवाई अंतर जवळजवळ १,९०० किलोमीटर. पुण्यात लेकीकडे आलेल्या आईवडिलांनी ‘आलोच आहोत तर गुवाहाटी करून येऊ’ म्हणावं, तसा हा प्रकार आहे. चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं प्राचीन शहर, कान्कूनहून रस्त्याने आणखी २०० किलोमीटर. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही बरीच उंच. किनाऱ्यावरून एकदम तिथे गेलं की आपल्या वयाला पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागते.

त्यात घड्याळाचा फरक साडेअकरा तासांचा. इथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे नऊ असतात. मेक्सिकोने २०२२मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत देशाच्या बहुतेक भागात बंद केली, त्यामुळे हा फरक आता बारा महिने तोच राहतो. शरीर मात्र एवढ्या लवकर ऐकत नाही. पहाटे तीनला टक्क जाग आणि दुपारी पानावर बसल्याबसल्या झोप, असा पहिला आठवडा जवळजवळ जातो. उरले दोन. त्यातले विमानतळांवर किती घालवायचे?

आणि रजेचं एक बोलायलाच हवं. तिथल्या कामगार कायद्याने एक वर्षाच्या नोकरीनंतर भरपगारी रजा मिळायची फक्त सहा दिवस. २०२३पासून ती बारा दिवस झाली, पुढे नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढते. तुम्ही जावयांना वर्षाची सगळी रजा तुमच्यावर खर्च करायला सांगता आहात. ते तोंडावर नाही म्हणणार नाहीत. तिकडेही सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. पण मुलीची ओढाताण होईल, आणि ती तुम्हाला सांगणारही नाही. त्यांनी दोन-चार दिवस काढले तर पुष्कळ झालं. बाकीचे दिवस ते कामाला जाऊ देत, तुम्ही घरी राहा.

घरी राहून काय करायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. आमचा दिवस कसा जायचा ते सांगते.

सकाळ गल्लीतल्या हाकांनी व्हायची. नळाचं पाणी तिथे कुणी पीत नाही. वीस लिटरचे जार लादलेली गाडी येते आणि ‘आग्वाऽऽ’ असा लांब हेल काढत माणूस पुढे जातो. त्यामागून गॅसवाला. विहीणबाई रिकामा जार आदल्या रात्रीच दारात काढून ठेवायच्या. मुलं शाळेला, भाची कामाला, मग घर शांत. आम्ही दोघी बहिणी ऊन चढायच्या आत किनाऱ्यावर चालून यायचो. जानेवारीतली हवा आपल्या पुण्यातल्या नोव्हेंबरसारखी, फक्त रात्री त्यापेक्षा उबदार.

दुपारचं जेवण दोन ते चारच्या मध्ये. तेच दिवसाचं मोठं जेवण, रात्री अगदी हलकं. त्या जेवणाआधी कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियातून, म्हणजे तोर्तियांच्या दुकानातून, गरम तोर्तिया आणायच्या असतात. हे काम मी मागून घेतलं. घरून सुती फडकं न्यायचं. रांगेत चार-पाच बायका, एखादा शाळेच्या गणवेशातला मुलगा. आत यंत्राच्या पट्ट्यावरून मक्याच्या गोल भाकऱ्या एकामागून एक सरकत येतात, काही टम्म फुगलेल्या, काही कडेला करपलेल्या. बाई फडकं तागडीत पसरते, किलोभर तोर्तिया त्यावर रचते, चारी टोकं दुमडून हातात देते. फळीवर मिठाची वाटी असते. रांग रेंगाळली तर ती एक गरम तोर्तिया नुसतीच हातावर ठेवते, आपण मीठ भुरभुरवून गुंडाळी करून तिथेच उभ्याने खायची. मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवलेला असतो, त्याचा किंचित वास त्या वाफेला येतो. चुन्याने मक्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. हजारो वर्षांची ही पद्धत आहे.

काही दिवसांनी ती बाई मला लांबून पाहिलं की हात पुढे करायची, फडक्यासाठी. विहीणबाईंचा उन्हातला एक हेलपाटा वाचला आणि मला ती गल्ली ओळखीची झाली. औषधाच्या दुकानातला माणूस ‘बुएनास तार्देस’, म्हणजे दुपारचा नमस्कार, म्हणू लागला. समोरच्या आजींनी एक दिवस पपई आणून दिली. घरात बसून राहणारी पाहुणी असते तर यातलं काही झालं नसतं, आणि चार शहरं पालथी घालत असते तर मुळीच झालं नसतं.

म्हणून तुम्हाला माझं आग्रहाचं सांगणं की घरातलं एक काम स्वतःकडे घ्या. तुम्हाला नातू आहे, त्याला शाळेतून घरी आणायचं काम मागा. शाळेत तुमचं नाव आणि फोटो आधी नोंदवावा लागेल, तेवढं मुलीला आत्ताच सांगून ठेवा. त्या रोजच्या चालण्यात नातू तुम्हाला जे सांगेल ते फोनवर कधी सांगणार नाही. चार वर्षांचं मूल आजोबांशी मराठीत बोलायला लागतं ते असं रोज हात धरून चालल्यावरच.

फिरायचं असेल तर जवळचं फिरा. जानेवारीत जाताय म्हणून देवमासे चुकवू नका. डिसेंबर ते मार्च उत्तर पॅसिफिकमधून हम्पबॅक जातीचे देवमासे या उपसागरात येतात, माद्या इथे पिल्लं घालतात. परवानाधारक बोटीनेच जा, अशा बोटी देवमाशांपासून अंतर राखून थांबतात. किनाऱ्यावरूनही लांबवर पाण्याचा फवारा उडालेला दिसतो आणि मागोमाग काळी पाठ. रविवारी सकाळी ला क्रूसच्या धक्क्यावर हिवाळ्यात बाजार भरतो. संध्याकाळी एकदा पुएर्तो वायार्ताच्या मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर जा. बसेस आणि व्हॅन सतत धावतात, पैसे चालकाकडे रोख द्यायचे. तिथे विशारिका आदिवासींची मण्यांची कला दिसेल. लाकडाच्या वस्तूवर मेणाचा थर देऊन त्यात एकेक बारीक मणी टोचून बसवतात. करणारा समोर बसलेला असेल तर उभं राहून बघा, आणि त्याच्याकडूनच घ्या.

सहा जानेवारीच्या आत पोचलात तर फारच छान. तीन राजांच्या सणाला घरोघरी ‘रोस्का’ नावाचा गोल गोड पाव कापतात. त्यात बाळ येशूची बोटाच्या पेराएवढी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस, म्हणजे मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ, खाऊ घालायचे. ते आमच्यात माझ्या बहिणीवर आलं. त्याची हकीकत पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, लसूणही कमी खाते. एकादशी कधी सोडलेली नाही. भाऊ तिला दोन महिन्यांसाठी मेक्सिकोला बोलावतो आहे. ती म्हणते, ‘तिथे मी उपाशी मरेन.’ काय उत्तर देऊ? — एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : आईंना सांगा, उपासाच्या दिवशी तर त्यांचं सगळ्यात छान होईल.

आपलं एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडच्याच अँडीज पर्वतातला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले, रताळं अमेरिका खंडातलं, हिरवी मिरची मेक्सिकोतली आणि राजगिराही तिकडचाच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांतून गेल्या पाचशे वर्षांत ही पिकं आपल्याकडे आली आणि आपण त्यांना देवाच्या दिवशी पानात वाढलं. वरी सोडली तर आईंचा फराळ जवळजवळ सगळा माहेरी जातो आहे.

राजगिऱ्याची गोष्ट मला विशेष वाटते. मेक्सिकोत स्पॅनिश येण्याआधी राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत आणि पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश राजवटीत ही पूजा बंद पाडली गेली आणि पीकही मागे पडलं. पण वडी टिकली. आज तिथल्या कुठल्याही बाजारात फुलवलेल्या राजगिऱ्याची गुळात किंवा मधात बांधलेली वडी मिळते, वर शेंगदाणे किंवा भोपळ्याच्या बिया लावलेली. बहिणीने पहिली वडी हातात घेऊन वास घेतला आणि सरळ कपाळाला लावली. विहीणबाई बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन डबाभर घेऊन आल्या.

गूळही मिळतो, शंकूच्या आकाराच्या ढेपा असतात. जिरं, कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची कोपऱ्यावरच्या दुकानात. मिळणार नाही तो हिंग आणि कढीपत्ता. हिंगाची डबी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून न्या, नाहीतर बॅगेतल्या कपड्यांना महिनाभर वास राहतो. साबुदाणा आणि वरी सीलबंद पाकिटातली घ्या.

आता सावध कुठे राहायचं ते सांगते, कारण अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. घेवड्याचं दाटसर वरण बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परतलेलं असतं. केशरी रंगाचा तिखटामिठाचा भात आणि शेवयांचं सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तामालेसच्या पिठातसुद्धा चरबी फेटलेली असते. ‘मी शाकाहारी आहे’ एवढंच सांगितलं तर वाढणाऱ्याला यातलं काही सुचत नाही, कारण वरून मांस घातलेलं नसतं. म्हणून चरबीचं नाव घेऊनच विचारायचं, ‘तिएने मांतेका?’, म्हणजे यात चरबी आहे का? भातासाठी ‘काल्दो दे पोयो?’, म्हणजे कोंबडीचं पाणी? हे दोन प्रश्न भावाकडून कागदावर लिहून घ्या आणि आईंच्या पर्समध्ये ठेवा. घरात नुसत्या पाण्यात शिजवलेला घेवडा, निवडुंगाच्या पानांची भाजी, भोपळ्याची फुलं घातलेली केसादिया (चीज भरून दुमडलेली तोर्तिया), मक्याचे दाणे, अवाकाडो आणि गरम तोर्तिया एवढ्यावर आमच्या पानात रोज काहीतरी वेगळं असायचं. निवडुंगाची भाजी भेंडीसारखी थोडी बुळबुळीत असते. काटे बाजारवाली बाई सुरीने तासूनच देते.

एकादशीच्या तारखेचं मात्र बघायला हवं. आपण सूर्योदयाची तिथी धरतो. एका तारखेचा तिथला सूर्योदय आपल्यापेक्षा सुमारे बारा तास उशिरा होतो, तोवर तिथी पुढे सरकलेली असते. त्यामुळे तिथे एकादशी कधी कधी इथल्या तारखेच्या एक दिवस आधी येते. भावाच्या गावासाठीचं पंचांग फोनवर मिळतं. दोन महिन्यांच्या तारखा आत्ताच काढून आईंना मोठ्या अक्षरात लिहून द्या. पुण्याच्या कॅलेंडरप्रमाणेच करायचं असं त्या म्हणाल्या तर तसंच करू द्या.

पूजेच्या फुलांचीही काळजी नको. झेंडू, निशिगंध आणि चाफा, म्हणजे ज्याला आपण देवचाफा म्हणतो तो, तिन्ही मूळचे त्याच मुलुखातले. मार्केट यार्डात दसऱ्याला झेंडूचे ढीग लागतात, तसे तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणासाठी लागतात. घरात गेलेल्या माणसांचे फोटो मांडून त्यांच्याभोवती झेंडू, दिवे आणि त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात. आपल्या पितृपक्षात वाढलेली बाई त्या मांडणीसमोर उभी राहिली की तिला काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : व्हिसाचं नेमकं काय? आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. — चिंचवड

उत्तर : मग मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर पर्यटक म्हणून १८० दिवसांपर्यंत राहता येतं. यांपैकी काहीच नसेल तर मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो. १८० दिवस हे जास्तीत जास्त, प्रत्यक्षात किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट आणि नातेवाइकांचा पत्ता कागदावर छापलेला हातात ठेवा, आणि शिक्क्यावर किती दिवस लिहिले ते खिडकीपाशीच वाचून घ्या. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

मार्ग दोन. अमेरिकेतून गेलात तर लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, डॅलस इथून पुएर्तो वायार्ताला थेट विमानं आहेत. युरोपातून गेलात तर मेक्सिको सिटीला उतरून पुढचं देशांतर्गत विमान. तिथे बॅगा घेऊन कस्टममधून जावं लागतं, तेव्हा दोन विमानांत निदान चार तास ठेवा.

प्रश्न : मुलीचं लग्न तिकडेच झालं, मी व्याह्यांना अजून भेटलेली नाही. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. जाताना काय नेऊ आणि बोलू काय? मुलगी दिवसभर कामावर असते. — कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रातली काळजी मला चांगली ठाऊक आहे, माझ्या बहिणीला तीच होती.

आधी काय न्यायचं ते. ताजी फळं, रोपं, बियाणं, मांसाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. खाण्याचं जे न्याल ते कारखान्यात सीलबंद झालेलं, नाव आणि घटक छापलेलं असू द्या, आणि फॉर्मवर लिहून द्या. बाकरवडीची सीलबंद पाकिटं आम्ही नेली, ती व्याह्यांकडे सगळ्यांत आधी संपली. सर्दीच्या गोळ्या तपासून घ्या. स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं मेक्सिकोत चालत नाहीत. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात.

भेट म्हणून साडी नेऊ नका, ती कपाटात राहील. खणाचं कापड न्या, त्याचे टेबलावरचे रुमाल किंवा उशांचे अभ्रे होतात आणि डोळ्यांसमोर राहतात. घरात लहान मुलं असतील तर तुळशीबागेत जाऊन पितळी भातुकली घ्या. आमच्या नातीने त्यातला तवा ओळखला आणि त्यावर मातीच्या तोर्तिया थापायला बसली.

आता बोलण्याचं. पाहुण्यांच्या खोलीत समोरासमोर बसून बोलायला गेलात तर दोघींनाही अवघडेल. स्वयंपाकघरात जा. बहिणीला त्या पावात बाहुली निघाली होती, त्यामुळे दोन फेब्रुवारीचे तामालेस तिने करायचे होते, आणि तिने ते आयुष्यात पाहिलेही नव्हते. विहीणबाई आदल्या संध्याकाळी वर आल्या, हातात मक्याच्या कणसांची वाळकी पानं. ती गरम पाण्यात भिजत घातली. चरबी आम्हाला चालत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी लोणी आणलं होतं. लोणी हलकं होईपर्यंत फेटायचं, मग त्यात मक्याचं ओलसर पीठ थोडं थोडं घालत पुन्हा फेटायचं. किती वेळ, हे सांगायला भाषा नव्हती. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, पिठाची चिमूट त्यात टाकली. ती बुडाली. त्यांनी बहिणीच्या हातात पुन्हा डाव दिला. थोड्या वेळाने दुसरी चिमूट, तीही बुडाली. तिसऱ्यांदा गोळी वर तरंगली तेव्हा दोघी एकदमच हसल्या. मग पानावर पीठ पसरून मध्ये भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज, घड्या घालून उभे रचायचे आणि वाफवायचे. पातेल्याच्या तळाशी त्यांनी एक नाणं टाकलं. पाणी उकळत असेतो ते खुळखुळत राहतं, आवाज थांबला की पाणी संपलं, वरून घालायचं. दोघी तासभर त्या नाण्याकडे कान लावून भाजी निवडत बसल्या होत्या. त्या दिवसापासून विहीणबाई बहिणीला हाताला धरून बाजारात न्यायला लागल्या.

तुम्ही त्यांना तुमचा एखादा पदार्थ शिकवा. पुरणपोळी नको, ती परक्या गॅसवर बिघडते. पिठलं, कोशिंबीर, शिरा असं लगेच होणारं काहीतरी करा. आणि रीतीच्या दोन-तीन गोष्टी पाळा. घरात किंवा दुकानात शिरताना आधी नमस्काराचं बोलायचं, मग कामाचं. गाल टेकवून भेटतात, तेव्हा मागे सरू नका. हॉटेलात कुणी जेवत असेल तर जवळून जाताना ‘प्रोवेचो’, म्हणजे सावकाश जेवा, असं म्हणायचं. फोनवरचं भाषांतर औषधपाण्यासाठी ठेवा, गप्पांसाठी काढू नका. त्यात दोघीही फोनकडे बघत बसतात.

प्रश्न : लेख आवडला, पण एक विचारते. समुद्रावर निवांत राहायचं तर दापोली काय वाईट? दीड दिवसाचा प्रवास आणि लाखांचा खर्च कशासाठी? — बिबवेवाडी

उत्तर : माणसं तिथे नसती तर मीही दापोलीलाच गेले असते. समुद्रासाठी एवढ्या लांब जा असं मी कुणालाही सांगणार नाही. तो किनारा साधारण धुळे-मालेगावच्या अक्षांशावर, पश्चिमेला तोंड करून. पाऊस जून ते ऑक्टोबर, नंतर कोरडं, सूर्य समुद्रात बुडतो, माड, आंबे, चिंचेचं सरबत. पुएर्तो वायार्ताच्या मालेकोनवर खांद्याला मोठा भोपळा अडकवून एक जण माडाचा गोड रस विकतो, त्याला ‘तुबा’ म्हणतात, वर शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे घालून देतो. मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश जहाजं १५६५पासून १८१५पर्यंत ये-जा करत होती, त्यांवरच्या फिलिपिनी खलाशांनी माड छेदण्याची ही कला तिकडे नेली. कोकणातला माणूस तो पेला तोंडाला लावून लगेच ओळखेल. एवढं सारखं असताना फरक राहतो तो घरातल्या माणसांचा. लेक, भाची, नातवंडं जिथे आहेत तिथे खर्च करून जावं. खर्च कमी करायचा तर राहण्या-जेवणाचा प्रश्न नसतोच, तिकीट तेवढं सहा महिने आधी काढा आणि नाताळचा पंधरवडा टाळा.

समुद्रात उतरणार असाल तर दोन गोष्टी. झेंडा बघा, हिरवा असेल तर ठीक, पिवळ्याला सांभाळून, लाल असेल तर पाण्यात जायचं नाही. आणि उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत चाला. तळाशी वाळूत पाकट मासे पडून असतात, पायाची चाहूल लागली की ते सरकतात, वर पाय पडला तर नांगी मारतात. किनाऱ्यावर कुणी ‘ही हॉटेलची जागा आहे’ म्हणालं तर घाबरू नका. मेक्सिकोत समुद्रकिनारा सरकारी मालकीचा असतो, चालायला आणि बसायला सगळ्यांना मोकळा.

आपल्यासारखी समुद्री कासवं तिथेही असतात का, असंही तुम्ही पत्रात विचारलं आहे. हो, तिथेही ऑलिव्ह रिडलेच, आपल्या कोकणातलीच जात. मेक्सिकोने १९९०मध्ये समुद्री कासवं मारण्यावर पूर्ण बंदी घातली, आता किनाऱ्यावरची अंडी कुंपणात सांभाळून पिल्लं समुद्रात सोडतात. तिथे माद्या पावसाळ्यात अंडी घालतात, त्यामुळे पिल्लं पावसाळ्याच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत दिसतात. कोकणात अंडी हिवाळ्यात, पिल्लं साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. तुम्हाला मेक्सिकोला जायचं नाही, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते, पिल्लं पहाटे आणि संध्याकाळी सोडतात. शनिवार-रविवारी फार गर्दी असते, मधल्या वारी जा आणि निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची खबर घ्या.